परफेक्ट स्ट्रेंजर्स, १९८४ : डीप पर्पलचे पाच जण पुन्हा एका घरात

मध्यलय

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचं नाव निघालं की गप्पा त्यांच्या 'मशीन हेड' (१९७२) या अल्बमवर जातात आणि तिथेच मुक्काम करतात. आज मला त्यांच्या १९८४ च्या 'परफेक्ट स्ट्रेंजर्स'बद्दल लिहायचंय. फुटलेला बँड पुन्हा जमला की दौरा हमखास होतो, जुनी गाणी वाजतात, तिकिटं संपतात. नवा अल्बम करायला बसणं ही मात्र वेगळी परीक्षा. तिथे जुन्या पुण्याईवर भागत नाही. या परीक्षेत उतरलेले बँड थोडे, आणि त्यांत मी या अल्बमला फार वर ठेवतो. त्यामागचं कारण मला गाण्यांइतकंच ती जिथे आणि जशी रेकॉर्ड झाली त्यात दिसतं.

ज्यांना हा इतिहास नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. रिची ब्लॅकमोर (गिटार), इयन गिलन (गायन), रॉजर ग्लोव्हर (बेस), जॉन लॉर्ड (ऑर्गन) आणि इयन पेस (ड्रम्स) या संचाला चाहते 'मार्क टू' म्हणतात. १९६९ ते १९७३, एवढाच त्यांचा काळ. 'इन रॉक', 'फायरबॉल', 'मशीन हेड' आणि जपानमधलं ते लाइव्ह रेकॉर्डिंग, सगळं त्यातलंच. न थांबणारे दौरे, मध्येच येणारी आजारपणं, त्यात ब्लॅकमोर आणि गिलन यांचं पटेना. २९ जून १९७३ च्या ओसाकातल्या कार्यक्रमानंतर गिलन आणि ग्लोव्हर बाहेर पडले. नवे लोक घेऊन बँड चालू राहिला, १९७५ मध्ये ब्लॅकमोरही गेला, आणि मार्च १९७६ मध्ये लिव्हरपूलच्या कार्यक्रमानंतर सगळंच संपलं.

मधल्या काळात कुणीच घरी बसलं नव्हतं. ब्लॅकमोरने 'रेनबो' काढला, १९७९ पासून ग्लोव्हरही त्यात होता. लॉर्ड आणि पेस 'व्हाइटस्नेक'मध्ये गेले. गिलनने स्वतःचा बँड चालवला आणि १९८३ मध्ये तो थेट ब्लॅक सबाथ या दुसऱ्या बड्या बँडमध्ये गायला. १९८० मध्ये तर बँडचा अगदी सुरुवातीचा गायक रॉड इव्हान्स याला पुढे करून भलताच संच 'डीप पर्पल' नावाने अमेरिकेत कार्यक्रम करत फिरला. तो प्रकार कोर्टात जाऊन थांबवावा लागला.

एप्रिल १९८४ मध्ये बीबीसी रेडिओवर बातमी आली की ते पाच जण पुन्हा एकत्र येताहेत. उन्हाळ्यात ते अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या स्टो या गावी गेले. स्कीइंगसाठी प्रसिद्ध, डोंगरातलं गाव. तिथे 'होरायझन्स' नावाचं घर घेतलं, 'ल मोबील' हा गाडीतला फिरता स्टुडिओ तिथे आणला आणि जुलै-ऑगस्टमध्ये अल्बम रेकॉर्ड केला. निर्मिती ग्लोव्हर आणि बँडची. मिक्सिंग नंतर हॅम्बुर्गला झालं.

आता १९७१ आठवा. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या कसिनोत रेकॉर्डिंग करायचं ठरलं होतं. ४ डिसेंबरला फ्रँक झापाच्या कार्यक्रमात आग लागली आणि कसिनो जळाला. मग पॅव्हिलियन नावाच्या नाट्यगृहात प्रयत्न झाला, पण रात्रीच्या आवाजामुळे पोलीस आले. शेवटी हिवाळ्यात रिकाम्या पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून, बाहेर रोलिंग स्टोन्सची रेकॉर्डिंगची गाडी उभी करून 'मशीन हेड' झाला. हॉटेल नाइलाजाने आलं होतं. १९८४ मध्ये मात्र नाइलाज नव्हता. हव्या त्या शहरातला हवा तो स्टुडिओ त्यांना मिळाला असता. तरी त्यांनी घर आणि गाडीच निवडली.

माझ्या मते अल्बमचं यश इथे आहे. १९७२ चा आवाज परत आणायच्या मागे ते लागले नाहीत, काम करायची रीत परत आणली. पहिलं गाणं, 'नॉकिंग अ‍ॅट युअर बॅक डोअर', ऐका. लॉर्डचा ऑर्गन खालच्या पट्टीत संथ पसरतो, मग बेसचे ठोके येतात, मग बाकीचे. कुणालाही घाई नाही. शीर्षकगीत तर मला आजही थक्क करतं. ब्लॅकमोरसारखा गिटारिस्ट बँडमध्ये असताना या गाण्यात गिटारचा सोलोच नाही! ऑर्गन, ड्रम्स आणि रिफ (पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा छोटा तुकडा) मिळून एकच जडशीळ लय पुढे नेत राहतात. पुनरागमनाच्या अल्बमवर ब्लॅकमोरने अशा ठिकाणी हात आवरला, याचा मला फार आदर वाटतो.

तुम्हाला हा अल्बम कसा वाटतो? विरोधी मतंही येऊ द्यात.

टेपडेक

सुंदर धागा. आमच्या पिढीतल्या अनेकांना डीप पर्पल उलट्या क्रमाने भेटला. आधी 'परफेक्ट स्ट्रेंजर्स'ची कॅसेट आणि मग मागे जात जात 'मशीन हेड'. त्यामुळे माझ्यासाठी हे पुनरागमन कधी नव्हतंच, हीच सुरुवात होती. आणि सुरुवात म्हणूनही हा अल्बम कुठे कमी पडला नाही. माझ्या लेखी यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नाही.

'मीन स्ट्रीक'बद्दल कुणीच बोलत नाही. पेसचं त्यातलं वाजवणं एकदा नुसतं तेवढंच लक्ष देऊन ऐका.

खर्ज

मी हार्मोनियम वाजवतो, भजनाला आणि थोडीफार नाट्यसंगीताला. त्यामुळे या बँडमध्ये माझं लक्ष कायम जॉन लॉर्डकडे असतं.

तो हॅमंड सी-थ्री वाजवायचा. या ऑर्गनमध्ये पत्त्या नसतात आणि हवाही नसते. धातूच्या दातेरी चकत्या विद्युतचुंबकासमोर फिरतात आणि त्यातून सूर तयार होतो. वर ओढायच्या-ढकलायच्या दांड्या असतात, नऊ-नऊच्या संचात. त्यांनी मूळ सुरात वरचे-खालचे किती सूर मिसळायचे ते ठरतं. हे वाद्य साधारणपणे लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून ऐकवतात आणि त्याने आवाजाला हेलकावा येतो. लॉर्डने तो गिटारवाल्यांच्या मार्शल अ‍ॅम्प्लिफायरमधून काढला. ब्लॅकमोरच्या गिटारसमोर ऑर्गन दबत होता, म्हणून त्याने ऑर्गनलाच गिटारसारखं गुरगुरायला लावलं.

१९८४ हे सिंथेसायझरचं वर्ष होतं. ज्याला त्याला चकचकीत की-बोर्ड हवा होता. अशा वर्षी शीर्षकगीताच्या सुरुवातीला हॅमंड एकटा उभा राहतो, तोही इतका भरदार, की गाणं कुणाचं आहे हे पहिल्या चार मात्रांत कळतं. लॉर्डचं पियानोचं शिक्षण शास्त्रीय पद्धतीचं. १९६९ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर त्याने स्वतः लिहिलेली कॉन्चेर्तो (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) बँडसह वाजवली होती. एवढी विद्या असलेला माणूस या गाण्यात फार थोडे सूर वाजवतो आणि प्रत्येक सूर पुरता धरून ठेवतो. संगतकाराने शिकण्यासारखं आहे ते.

रोखठोक

अल्बम चांगला आहे, वाद नाही. पण 'पाच जण एका घरात' हे चित्र मला जरा जास्तच गोड वाटतं. गाण्यांच्या श्रेयाकडे बघा. 'इन रॉक'पासून १९७३ पर्यंत मार्क टूच्या प्रत्येक गाण्यावर पाचही नावं असायची. रिफ कुणाचाही असो, गाणं सगळ्यांचं. १९८४ मध्ये पाचही नावं फक्त 'नोबडीज होम'वर आहेत. बाकी सगळी गाणी ब्लॅकमोर, गिलन आणि ग्लोव्हर यांच्या नावावर. म्हणजे खर्ज यांनी ज्या ऑर्गनचं एवढं मनापासून वर्णन केलं, तो वाजवणाऱ्याचं नाव त्याच गाण्याच्या श्रेयात नाही. पेसचंही नाही.

गाण्याच्या श्रेयावर मानधन ठरतं. जो बँड सगळं पाचांत वाटून घ्यायचा, त्याने परत येताना हिशोब वेगळा मांडला. अशा गोष्टी आज ना उद्या आतून पोखरतातच.

दुसरा मुद्दा. पुढचा अल्बम, 'द हाउस ऑफ ब्लू लाइट' (१९८७), तोही स्टोमध्येच झाला ना? गाव तेच, पाच जण तेच, निर्माता ग्लोव्हरही तोच. तरी तो का फसला? घर आणि गाडी हेच रहस्य असेल तर ते दुसऱ्यांदाही चालायला हवं होतं.

लाइव्हसाउंड_ठाणे

मी ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, म्हणून घर-गाडी प्रकरणाबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

स्टुडिओत वाजवणारे आणि रेकॉर्ड करणारे यांच्यात काचेची खिडकी असते. टेक (एका दमात वाजवून केलेलं रेकॉर्डिंग) संपला की काचेपलीकडून इंजिनिअर बोलतो, परत वाजवा, इथे चढलात, तिथे उतरलात. ड्रम्स एका खोलीत, गायक दुसऱ्या डब्यात. सोय मोठी असते, पण वाजवणारा हळूहळू इंजिनिअरसाठी वाजवायला लागतो.

फिरत्या स्टुडिओत टेप मशीन, मिक्सर, इंजिनिअर सगळं बाहेर गाडीत असतं. घरात फक्त वाद्यं, माइक आणि बाहेर जाणाऱ्या जाड केबल. खोल्या ध्वनिमुद्रणासाठी बांधलेल्या नसतात, म्हणून एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो. ड्रम्सच्या माइकमध्ये गिटार सापडते. मग एकाचीच चूक पुसून तेवढीच नवीन भरणं कठीण होतं. पूर्ण टेकच चांगला यावा लागतो, आणि तो येण्यासाठी एकमेकांकडे बघून वाजवावं लागतं.

माँत्रोला तर गाडीपर्यंत पोहोचायलाच इतक्या खोल्या आणि बाल्कन्या ओलांडाव्या लागायच्या, की बँडने वाजवलेलं ऐकायला गाडीत जाणं सोडून दिलं. वाजवताना जमल्यासारखं वाटलं की पुढचं गाणं. तिथे रेकॉर्डिंग इंजिनिअर मार्टिन बर्च होता. स्टोमध्ये निक ब्लॅगोना होता, ब्लॅकमोर आणि ग्लोव्हर यांच्याबरोबर रेनबोमध्ये काम केलेला. गाडीतला माणूस ओळखीचा असणं फार महत्त्वाचं, कारण घरातल्या लोकांनी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकलेला असतो.

१९८४ पर्यंत तंत्र बरंच पुढे गेलं होतं. ट्रॅक भरपूर, एकेक वाद्य नंतर भरणं सोपं. त्यामुळे 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' मशीन हेडइतका उघडा-नागडा नाही, पॉलिश कानाला कळतं. पण गाण्यांचा पाया, म्हणजे ड्रम्स, बेस आणि गिटार यांची पकड, मला एकत्र वाजवल्याची वाटते. 'नॉकिंग'मध्ये पेस आणि ग्लोव्हर ज्या तऱ्हेने किंचित मागे रेलून चालतात, ते कानात क्लिकचा यांत्रिक ठेका लावून वेगवेगळं वाजवून येत नाही.

मध्यलय

@रोखठोक, श्रेयाचा मुद्दा अगदी मर्मावरचा आहे. मी त्याकडे असा पाहतो : घर आणि गाडी ही एक परिस्थिती होती. तिचा उपयोग करायची इच्छा १९८४ मध्ये पाचही जणांत होती. अकरा वर्षांनी समोरासमोर बसल्यावर आपलं अजून जमतं का, ही उत्सुकता तेव्हा खरी होती. दुसऱ्या वेळी ती उरली नव्हती. 'ब्लू लाइट' फार रेंगाळला, गाणी पुन्हा पुन्हा केली गेली. आपण काळाबरोबर चालायला गेलो आणि तिथेच चुकलो, अशा अर्थाचं लॉर्ड पुढे बोलला आहे. त्या अल्बमवरचे की-बोर्ड ऐकले की त्याचं म्हणणं पटतं. गाव तेच असलं तरी काम करायची रीत मोडली होती. माझा मुद्दा त्या रीतीचाच आहे.

पुढचं सर्वांना माहीत आहे. १९८९ मध्ये गिलनला काढलं, १९९३ च्या अल्बमसाठी परत आणलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दौऱ्याच्या मध्यावर ब्लॅकमोर कायमचा निघून गेला. म्हणजे तुमचं 'आतून पोखरतातच' हे खरंच ठरलं. तरी त्यामुळे १९८४ चा उन्हाळा खोटा ठरत नाही.

गांधारी

गाण्याच्या बाजूने कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. मी गायन शिकवते.

गिलनचा १९७० चा आवाज म्हणजे 'चाइल्ड इन टाइम'. त्याच वर्षीच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'च्या ध्वनिमुद्रिकेत येशूचा आवाजही त्याचाच. तारसप्तकात जाऊन तो किंचाळी फोडायचा आणि तरी सूर सुटायचा नाही. चौदा वर्षं असा गळा वापरल्यावर काय होतं हे आम्हा शिकवणाऱ्यांना नीट माहीत आहे. १९८४ मध्ये वरचा भाग अजून आहे, पण पूर्वीसारखा हाक मारल्याबरोबर येत नाही.

मला आवडतं ते पुढचं. शीर्षकगीत जवळजवळ पूर्ण मध्यसप्तकात आहे. शब्द स्वच्छ, श्वास लांब, स्वर सरळ लावलेला. कुठेही 'बघा, मला अजून जमतं' असं दाखवणं नाही. 'वेस्टेड सनसेट्स' या संथ गाण्यात तर आवाजातला थकवाच गाण्याच्या कामी आलाय. १९७२ मध्ये त्याला हे गाणं असं गाता आलं नसतं. गळा बदलला की गाण्याची मांडणी बदलावी लागते. इथे स्वररचना करणाऱ्यांनी गायकाचं वय ओळखून त्याला जागा दिली आहे. ब्लॅकमोर आणि गिलन यांच्या भांडणाच्या कथा सगळे सांगतात, पण त्याच ब्लॅकमोरने याच गळ्यासाठी ही गाणी बांधली, हेही सांगायला हवं.

टेपडेक

गांधारीताई, 'वेस्टेड सनसेट्स'बद्दल शंभर टक्के सहमत. त्यातला ब्लॅकमोरचा सोलोही तसाच आहे, गळ्यातून आल्यासारखा.

वर्सोवाकर

८ एप्रिल १९९५. अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स. मी होतो.

ब्लॅकमोर नव्हता, ही हळहळ सगळ्यांना होती. गिटारिस्ट स्टीव्ह मोर्स नुकताच आला होता, नव्या जुळणीचा अल्बमही अजून निघायचा होता. एप्रिलमधला मुंबईचा उकाडा, मैदानभर माणसं. 'मशीन हेड'मधलं 'स्मोक ऑन द वॉटर' सगळ्यांना पाठ असणार हे गृहीतच होतं. पण 'परफेक्ट स्ट्रेंजर्स'चा ऑर्गन सुरू झाला तेव्हा जो आवाज उठला, तो मला जास्त लक्षात आहे. माझ्या आजूबाजूची मुलं १९७२ मध्ये जन्मलीही नव्हती. त्यांच्यासाठी डीप पर्पल म्हणजे हे गाणं होतं. लॉर्डला प्रत्यक्ष वाजवताना पाहिलं ते तेवढंच. २००२ मध्ये तो बँडमधून निवृत्त झाला आणि जुलै २०१२ मध्ये गेला.

त्या कार्यक्रमाचं चित्रीकरण 'बॉम्बे कॉलिंग' नावाने निघालं आहे. जरूर बघा. मोर्स सोलोत स्वतःची वाट काढतो, पण जिथे रिफ आहे तिथे मूळ चौकट सोडत नाही.

रंगभवन

विषय पुनरागमनाच्या अल्बमचा आहे तर मुंबईचंच उदाहरण द्यायला हवं. इंडस क्रीड. १९८४ मध्ये, म्हणजे योगायोगाने याच वर्षी, 'रॉक मशीन' म्हणून सुरू झालेला बँड. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड', १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग'. दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्या बँडांच्या गर्दीत स्वतःची इंग्रजी गाणी घेऊन उभं राहणं त्या काळी सोपं नव्हतं. १९९३ मध्ये नाव बदललं, १९९७ मध्ये बँड थांबला. गायक उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेला.

२०१० मध्ये ते परत आले आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' काढला. गायक बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि की-बोर्डवर झुबिन बालापोरिया हे जुने. बेसवर रुषाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे नव्या पिढीतले. म्हणजे पर्पलच्या अगदी उलट मार्ग. पर्पलने जुना संच तंतोतंत जमवला, यांनी लयीची बाजूच नवी आणली. त्याने गाण्यांची चालच बदलली. लांब, वळणं घेणारी गाणी, ऐंशीच्या दशकातल्या रॉक मशीनची आठवणही येऊ नये इतकी वेगळी. मुंबईच्या रंगभवनात त्यांचं 'टॉप ऑफ द रॉक' ऐकलेल्या काहींना ते रुचलं नाही. मला तो त्यांचा सगळ्यात परिपक्व अल्बम वाटतो. इतक्या वर्षांनी परत येणाऱ्याने बदललेलं असावं, ही अपेक्षा मला रास्त वाटते.

रोखठोक

रंगभवन, उदाहरण आवडलं. ब्लॅक सबाथचा '१३' (२०१३) यांच्या मध्ये कुठेतरी बसतो. तिथे ड्रमर बिल वॉर्ड नव्हता, निर्माता रिक रुबिन होता. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला तो अल्बम, पण मला तो १९७० च्या पहिल्या अल्बमची फार काळजीपूर्वक केलेली नक्कल वाटतो. या बाबतीत मध्यलय यांचं म्हणणं मान्य. 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' कुठल्याही जुन्या अल्बमची नक्कल नाही. अख्ख्या अल्बममध्ये मागे वळून बघणं आहे ते फक्त शेवटच्या 'हंग्री डेझ'मध्ये. तिथे माँत्रोचा उल्लेख येतो आणि लगेच गाणं पुढे जातं.

आणि लोकांनीही तो जुना बँड म्हणून नव्हे, नवा अल्बम म्हणून घेतला. ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत, अमेरिकेत पहिल्या वीसमध्ये. नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून दौरा सुरू झाला, सिडनीत जॉर्ज हॅरिसन त्यांच्याबरोबर मंचावर येऊन वाजवून गेला. जून १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या नेबवर्थला तर भर पावसात, चिखलात लोक उभे होते.

नवश्रोता

सगळा धागा एका बैठकीत वाचला. मला डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर' हे एकच गाणं माहीत आहे. हा अल्बम कुठून ऐकायला सुरुवात करू? आणि वेगवेगळ्या आवृत्त्यांमध्ये गाण्यांची संख्या वेगळी दिसतेय, ती का?

लाइव्हसाउंड_ठाणे

मूळ एलपीवर आठ गाणी होती. 'नॉट रिस्पॉन्सिबल' हे नववं गाणं कॅसेट आणि सीडीवर घातलं होतं. नंतरच्या सीडीवर 'सन ऑफ अ‍ॅलेरिक' हे दहा मिनिटांचं वाद्यगीतही मिळतं. तेही जरूर ऐका, पण शेवटी.

सुरुवात पहिल्यापासून, क्रमाने, आणि शक्यतो हेडफोनवर नको. खोलीत स्पीकर लावा आणि बेस थोडा वाढवा, कारण ग्लोव्हरचं वाजवणं फोनच्या स्पीकरवर जवळपास नाहीसं होतं. शीर्षकगीत पाचवं आहे. एलपीची दुसरी बाजू त्यानेच सुरू होते, म्हणून 'मीन स्ट्रीक' झालं की क्षणभर थांबा. त्यानंतर 'मशीन हेड' लावा, दोन्हींमधला पेस ऐका, आणि काय वाटलं ते इथे येऊन लिहा.